‘नको’ म्हणणाऱ्याचं पान

थावरा, तुझ्या नावानं रडायला बसावं तर मधेच राग येतो, आणि राग काढावा म्हटलं तर समोर तू नाहीस. अशी गत करून ठेवली तू माझी. तुझे दिवस झाले त्या दुपारी तांड्यावर पंगती उठल्या, पाहुणे पांगले, आणि जमुनावहिनी माझ्याजवळ येऊन बसली. बायांशी तुमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलत होती ती, माझ्याकडे वळली तशी मराठीत आली. म्हणाली, “मास्तर, छातीचा फोटो काढाची गरज नाही असं त्याईले तुमीच सांगतलं होतं ना?”

“वहिनी, येतो मी परत, मग बोलू निवांत,” असं काहीतरी पुटपुटलो आणि चपला शोधायला लागलो. पळून आलो म्हण सरळ.

कारण मी असं कधी म्हणालोच नव्हतो. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. तिला मात्र तू माझं नाव घेऊन सांगून ठेवलंस आणि निघून गेलास. आता खरं सांगितलं तर नवरा आपल्याशी खोटं बोलला हे तिला कळणार, तेही त्याच्या माघारी, भांडायलासुद्धा तो उरला नसताना. तिच्या हो ला हो केलं तर मास्तरनं माझ्या माणसाला दवाखान्यात जाऊ दिलं नाही, हे ती जन्मभर धरून बसणार. काय सांगू रे तिला? एवढंच विचारायला हे लिहितोय. बाकीचं सगळं ओघात येईल तसं येईल.

सुरुवात माझ्याच घरातून झाली. वैशाली, माझी जुनी विद्यार्थिनी, आता यवतमाळला छातीची डॉक्टर आहे, ती एक दिवस कागदांचा गठ्ठा घेऊन आली. त्यांचा डॉक्टरांचा एक गट बसला होता. फुफ्फुसाचा कॅन्सर त्रास सुरू व्हायच्या आतच धरायचा तर कमी किरणांचा स्कॅन कोणाला सुचवायचा, कोणाला नाही, याच्या सूचना ते आपल्या भागासाठी लिहीत होते. आणि त्यासोबत एक पुस्तिका, माणसानं ती वाचावी आणि आपलं आपण ठरवावं, करायचा की नाही करायचा. मराठी त्यांनीच केलं होतं. पहिलंच वाक्य, “संभाव्य लाभ व संभाव्य हानी यांचा तौलनिक विचार करून सुजाण निर्णय घ्यावा.” मी म्हटलं, “बाई, हे वाचून माणूस आधी मराठीच्या मास्तरकडे जाईल आणि मग डॉक्टरकडे.” ती म्हणाली, “म्हणूनच तर आले सर.”

मी ते सगळं सोपं करून लिहिलं. मग कोणावर तरी ते वाचून पाहायचं होतं. वयात बसणारा पाहिजे, जुना बिडीवाला पाहिजे, आणि समजलं नाही तर तोंडावर सांगणारा पाहिजे. दारव्ह्यात दुसरं कोण होतं? सातवीपर्यंत एका बाकावर बसलो आपण. मी शाळेतच राहिलो आणि तू काळी-पिवळी जीपच्या स्टिअरिंगमागे जाऊन बसलास, पण बाक काही सुटला नाही. पहिलं पान वाचलंस आणि बिडी कानावरून काढत म्हणालास, “अबे, पहिल्याच पानावर बिडी सोडा? दुकानात शिरल्या शिरल्या गिऱ्हाइकाले हाकलून राह्यले तुमी?” मी म्हटलं, स्कॅन करा नाहीतर नका करू, बिडी सोडणं पहिलं. तू म्हणालास, “डाक्तरीनबाईले मान्य, मले मान्य, बिडीलेच मान्य नाही ना बे.”

हसलो आपण. आताही ते आठवून हसू येतं.

पुस्तिका तू जीपमध्ये घेऊन गेलास तिथून घोटाळा सुरू झाला. तुझा कायदा ठरलेला, सीट भरल्याशिवाय गाडी हलणार नाही. दारव्ह्याच्या स्टँडवर यवतमाळचे पॅसेंजर आत घामाघूम होऊन बसलेले आणि तू बोनेटला टेकून त्यांना माझी पुस्तिका वाचून दाखवतोस! शेवटच्या पानावर तराजू काढला होता आम्ही. एका पारड्यात स्कॅन करण्याची कारणं, दुसऱ्यात न करण्याची. मनाला जे पटेल त्याच्यापुढे ज्याची त्यानं खूण करायची. वैशालीनं मला बजावून सांगितलं होतं, हे पान माणसानं एकट्यानं भरायचं, कोणाचा दाब नको. आणि तुझं पान परत आलं तर त्यावर अख्ख्या जीपच्या खुणा! लाडखेडच्या नामदेवरावांची वेगळी, बाजाराला निघालेल्या बायांच्या वेगळ्या, एक तर तपकिरी अंगठाच होता, पान खाल्लेल्या हाताचा.

मी भडकलो. “थावरा, हे तुझ्या फुफ्फुसाचं होतं बे, जीपच्या नाही!”

तू शांतपणे म्हणालास, “लग्न म्या एकट्यानं नाही ठरवलं. घर कुठं बांधाचं ते तांड्यानं बसून ठरवलं. ही गाडी घेतली तं चौघाईले इचारून घेतली. आता फुफ्फुसच तेवढं एकट्यानं ठरवू का? येडा झाला का तू?”

वैशालीला मी हे सांगितलं तर ती हसली नाही. वही काढून लिहून घेतलं तिनं. पुढच्या मसुद्यात एक पान वाढलं, “घरच्यांशी, जवळच्यांशी बोला.” ते पान तुझं आहे. तू ते कधी मान्य केलं नाहीस, म्हणालास, “बोला काय बोला, ते तं बोलतेच.”

शंभर माणसांच्या चित्रावरूनही वाद घातलास. शंभर जणांचा स्कॅन केला तर किती जणांना उगाच घोर लागतो, किती जणांचा खरंच फायदा होतो, हे दाखवायला रांगेत उभी माणसं काढली होती. “हे मतदानाची लाइन लावली का?” म्हणालास. तूच सुचवलंस, कपाशीची बोंडं काढा. वरून सगळी सारखीच दिसतात, अळी आहे की नाही ते फोडल्याशिवाय कळत नाही, आणि फोडलेलं बोंड वाया जातं. चांगलं सुचलं तुला. पण पूर्ण बरोबरही नव्हतं ते, वैशाली म्हणाली, स्कॅननं माणूस फुटत नाही काका, फोडायची वेळ पुढे आली तर येते. तरी बोंडं राहिली. मग जीपमध्ये लोक बोट ठेवून भांडायला लागले की रंगवलेलं बोंड माझं नाही, मी हा कोपऱ्यातला.

एका पानाशी मात्र तू थांबलास. ज्यांना पूर्वी टीबी झालेला आहे त्यांच्यासाठीचं पान. त्यांच्या छातीत जुने डाग राहतात, स्कॅनमध्ये ते दिसतात, आणि हा डाग जुना की नवा हे ठरवायला पुन्हा तपासण्या, कधी सुई घालून तुकडा काढणं, असं मागे लागू शकतं. डॉक्टरांच्या गटातही यावर एकमत होत नव्हतं. आपल्याकडे घरटी कोणाला ना कोणाला टीबी होऊन गेलेला, त्यांना स्कॅन सुचवायचा तर कसा सुचवायचा? तू ते पान वाचलंस, परत वाचलंस, आणि घडी करून खिशात ठेवलंस.

लग्न झालं त्याच वर्षी तुला टीबी झाला होता. नवी नवरी घरात, आणि तुझं ताट वेगळं, लोटा वेगळा, खाट बाहेर. वहिनीच्या माहेरचे तिला न्यायला आले होते. ती गेली नाही. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं, पण तू त्याबद्दल पहिल्यांदा बोललास तो त्या दिवशी, स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर. “मास्तर, डाग दिसला म्हन्जे लोकाईले जुना-नवा काई समजत नाही. डाग म्हन्जे डाग. पुन्हा ताट वेगळं.” मी म्हटलं, आता कोण ताट वेगळं करतं रे, ते दिवस गेले. तू चहा संपवलास.

त्यानंतर तू ‘नको’ म्हणणाऱ्याच्या पानाचा हट्ट धरलास. तुझं म्हणणं, पुस्तकात सगळीकडे ‘विचार करा, विचार करा’ लिहिलंय, पण विचार करून एखादा नाही म्हणाला तर त्याला कुठे उभं राहायला जागा नाही. मी वाक्य लिहिलं, “तपासणी न करणं हाही एक निर्णय आहे. त्यासाठी तुम्हाला कोणी नावं ठेवू नयेत, आणि पुढे मत बदललं तर दार उघडं आहे.” तुला ते आवडलं. पहिल्यांदाच माझं एखादं वाक्य तुला एका वाचनात आवडलं.

यवतमाळच्या बैठकीला तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास. तिथे एका तरुण डॉक्टरनं फार सौम्यपणे विचारलं, “काका, ज्याला भीती वाटते त्याच्यासाठी ही पळवाट नाही का होणार?” तू म्हणालास, “पयनारा तसाई पयते साहेब. निदान तोंड लपवून तं नाही पयनार.” त्यावर तो म्हणाला, “आणि लपवलंच तर?” पान राहिलं, पण त्या प्रश्नासकट राहिलं. बाहेर येऊन तू बिडी पेटवलीस.

मग मी विचारलं तुला, तुझं काय ठरलं? म्हणालास, “नाही जात. घरचे नको म्हनते.” मी म्हटलं, बरं. आपणच लिहिलं होतं ना, नावं ठेवू नयेत म्हणून. आपल्याच वाक्याशी कसं भांडणार? आणि खरं सांगू, तुझं ‘घरचे नको म्हणते’ मला पटलंही, कारण तू एकट्यानं काही ठरवत नाहीस हे तूच मला शिकवून ठेवलं होतंस.

पुढे खोकला आला. तू म्हणालास, धूळ. मग म्हणालास, सोयाबीनचा भुसा. आमच्याच पुस्तिकेत ठळक अक्षरात आहे, खोकला असेल, वजन उतरत असेल, थुंकीत रक्त असेल तर ही पुस्तिका तुमच्यासाठी नाही, सरळ डॉक्टरकडे जा. हे तू जीपमध्ये किती लोकांना वाचून दाखवलं असशील! शर्ट अंगावर लोंबायला लागला तेव्हा मीच तुला धरून वैशालीकडे नेलं. तिथून नागपूर, कॅन्सर निघाला, आणि नागपुराहून परत तांडा, निंबाखालची खाट.

वैशालीला मी विचारलं, आधी स्कॅन केला असता तर? ती म्हणाली, “सर, तेव्हा ते तिथे होतं की नाही, असतं तर दिसलं असतं की जुन्या डागात लपलं असतं, दिसलं असतं तरी काका वाचले असते का, यातलं एकही मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.” अरे, एवढी शिकलेली पोरगी, आणि तिलाही सांगता येत नाही! मला तर कशाशी भांडावं तेच कळेना. पुस्तिकेनं तिचं काम केलं म्हणू की तिनंच तुला मारलं म्हणू? तू समजून नाही म्हणालास की घाबरून? आणि घाबरून म्हटलेलं ‘नाही’, ते ‘नाही’ नसतं का?

खाटेवर पडल्या पडल्या तू मला विचारलंस, “पुस्तक छापून आलं का?” मी म्हटलं, अजून नाही, फेरबदल चालू आहेत. तू म्हणालास, “नको वालं पान ठेवजो बे.” श्वास पुरत नव्हता तुला, आणि हे सांगायला तू तो खर्च केलास. मी हो म्हटलं. ‘काहून बे, का हवं तुला ते पान?’ एवढंच विचारायचं होतं रे मला. जिभेवर आलं होतं. नाही विचारलं.

तू गेल्यावर नामदेवराव भेटले, तुला पोचवून परत येताना. डोळे पुसत म्हणाले, “थावराभाऊनं केला म्हनून म्या केला मास्तर. ते म्हने, कायी नसते, मशीनीत निजाचं फक्त. माह्या सगळा साफ निघाला म्हने.” मी रस्त्यातच थांबलो. जीपमधल्या लोकांना तू सांगितलंस की स्कॅन करून आलो, साफ निघाला! त्या भरवशावर नामदेवराव गेले, त्यांच्या छातीत बारीकसं काहीतरी दिसलं, आता काही महिन्यांनी परत बोलावलंय. ते काय आहे हे अजून कोणालाच माहीत नाही. म्हणजे तिथेही तेच. त्यांचं भलं केलंस की त्यांच्या जिवाला घोर लावलास?

आणि मग वहिनीचा प्रश्न. मग मला जोडता आलं. मला सांगितलंस, घरचे नको म्हणतात. घरी सांगितलंस, मास्तर नको म्हणतो. जीपला सांगितलंस, जाऊन आलो. तिघांना तीन! अबे, आयुष्यभर चौघांना विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाहीस, तुझ्याच तोंडचं आहे हे, आणि एवढी एक गोष्ट ठरवलीस ती आम्हा सगळ्यांना एकमेकांच्या आड उभं करून. लोकांना पुस्तिका वाचून दाखवायचास ती त्यांचं ऐकायला की आपला आवाज झाकायला? मला तुझा इतका राग आला की मी घरात मोठ्यानं बोललो तुझ्याशी. बायको बाहेर आली, पाहून परत आत गेली.

आणि राग उतरल्यावर दिसतं काय, तर खाट बाहेर टाकलेला तो नुकता लग्न झालेला पोरगा. तुला मरणाची भीती नव्हतीच का रे? ताटाची होती? की मीच आता माझ्या सोयीचं कारण तुझ्या माथी मारतोय? तू असतास तर म्हणाला असतास, फोकनाड आहे मास्तर, कायचं काय जोडते. नाहीस, म्हणून जोडत बसलोय.

वैशालीचा फोन आला, छपाईला द्यायचंय, ‘नको’चं पान ठेवायचं की काढायचं? गटातले काही जण आता काढा म्हणतात. तुझं नाव कोणी घेत नाही, पण सगळ्यांच्या मनात तूच. मी म्हटलं, मला आधी तांड्यावर जाऊन येऊ दे.

काल गेलो. वहिनी अंगणात तूर निवडत होती. सूप बाजूला ठेवलं तिनं. वाटेत मी सगळं ठरवून गेलो होतो, सांगू आपण, हो वहिनी, मीच म्हणालो होतो. माझ्यावर येऊ दे. तुझं नाव तिच्याजवळ नितळ राहील. पण तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मला ते जमलं नाही. म्हटलं, “नाही वहिनी. मी नव्हतं सांगितलं. त्यानं त्याचं त्यानंच ठरवलं.” आणि टीबीचं पानही सांगितलं, ताटाचंही सांगितलं.

ती रडली नाही. निवडलेल्या तुरीत हात घालून बसली. मग म्हणाली, “ताट तं म्याच वेगळं नाही राहू देल्लं. सासूसंग भांडून त्याच्याच ताटात जेवली मी. माहेरचे न्यायले आले तं त्याईले वापस धाडलं. मंग मले काहून नाही सांगतलं, मास्तर?”

हेच ते, थावरा. तिचा सवाल तू का गेला नाहीस हा नाहीच. मी सूप जवळ ओढलं आणि तूर निवडायला लागलो.

परत निघायच्या आधी मी तिला विचारलं, “वहिनी, पुस्तकातलं नको म्हणणाऱ्याचं पान काढून टाकू?” ती म्हणाली, “काढता काहून? त्याईचं होतं ना ते. नाही म्हनाचं असन तं म्हनू द्या.” मग मी तिथेच, ओसरीवर बसून, त्या पानाखाली एक ओळ वाढवली आणि तिला वाचून दाखवली. “नाही म्हणायचं असेल तर म्हणा, पण घरातल्या एका माणसाला खरं सांगा.”

तिनं परत वाचायला लावली. मग म्हणाली, “‘एका मानसाले’ नका लिहू मास्तर. ‘बायकोले’ लिहा.”

आज वैशालीला ओळ पाठवली. पान राहणार, ओळही राहणार. पण ती म्हणाली, सर, पुस्तिका बायांसाठीपण आहे, एकट्या माणसांसाठीपण आहे, ‘बायकोला’ असं नाही छापता येणार. तिचंही खरंच आहे. छापून आली की पहिली प्रत तांड्यावर घेऊन जाईन. जाण्याआधी त्या एका प्रतीत पेनानं ‘एका माणसाला’ खोडून ‘बायकोला’ लिहीन.